मेडिसिनची ऑस्की: सिम्युलेटेड पेशंटबरोबर सराव कसा करायचा आणि तो कुठे फसतो

सरावाची ऑस्की चालू होती, म्हणजे ठरलेल्या मिनिटांच्या स्टेशनांवर फिरत द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा. तिसऱ्या स्टेशनवर खुर्चीत पेशंटची भूमिका करणाऱ्या ५८ वर्षांच्या काकी, मांडीवर पिशवी. समोर फायनल इयरचा मुलगा.

"काकी, छातीत दुखतंय का?"

"नाय."

"जेवल्यावर जळजळ होते?"

"होता कधीतरी."

मुलाने मनातल्या मनात हुश्श केलं आणि अ‍ॅसिडिटीच्या वाटेने निघून गेला. आठव्या मिनिटाला घंटा झाली. काकींच्या कागदावर निदान होतं हार्ट अटॅक. आणि माझ्या मार्कलिस्टवर 'छातीतल्या दुखण्याबद्दल विचारले' या ओळीपुढे बरोबरची खूण होती, ती मीच केलेली. नंतर काकींना विचारलं, तुम्ही नाही का म्हणालात? "दुखणा नाय ओ, भरान येता. तेना दुखता काय म्हणान इचारल्यान."

त्या दिवशी मुलगा चुकला आणि मार्कलिस्ट करणारा मीही चुकलो. काकी तेवढ्या बरोबर होत्या. हॉस्टेलच्या खोलीत मुलं एकमेकांना पेशंट करून सराव करतात तेव्हा हे कधीच घडत नाही, कारण मित्राला पुस्तक पाठ असतं. तो 'रेट्रोस्टर्नल, डाव्या हाताकडे जाणारं' असं उत्तर देतो. अलिबागपासून पडव्यापर्यंत कोकणातल्या कुठल्याही कॉलेजात शिकत असाल, तर तयारीचा क्रम उलटा करा. आधी पेशंट तयार करा आणि मग स्वतःला. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत.

टप्पा १: परीक्षेचा कागद मिळवा

स्टेशनं किती, प्रत्येकाला मिनिटं किती, मध्ये वाचायला वेळ किती, एक्झामिनर प्रश्न विचारणार की नुसता बघणार, हे विभागात जाऊन लेखी मागा. सिनियरच्या आठवणीवर जाऊ नका, दर वर्षी काहीतरी बदलतं. माझा सगळा हिशोब आठ मिनिटांच्या स्टेशनचा आहे. तुमच्याकडे पाच किंवा दहा असतील तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा.

एमडी झाल्यावर पेसेस (ब्रिटनच्या एमआरसीपीची प्रात्यक्षिक परीक्षा) द्यायचा विचार असेल तर तिथली रचना वेगळी आहे. पाच स्टेशनं, प्रत्येकी २० मिनिटांची, मध्ये पाच-पाच मिनिटं, आणि प्रत्येक ठिकाणी दोन एक्झामिनर स्वतंत्र मार्क देतात. तिथे सात कौशल्यांवर वेगवेगळे मार्क असतात आणि एकातली तूट दुसऱ्याने भरून निघत नाही. तपासणीत हुशार पण पेशंटच्या काळजीला हात न घालणारा माणूस तिथे नापास होतो. आपल्याकडे तो बहुतेक वेळा पास होतो, एवढाच फरक. सवय मात्र तीच लागते.

टप्पा २: अभिनयात बसतील अशा केस निवडा

निरोगी माणसाला मर्मर (हृदयाचा जादा आवाज) आणता येत नाही, प्लीहा वाढवता येत नाही, डोळे पिवळे करता येत नाहीत. ती स्टेशनं खऱ्या पेशंटवरच होतात. सिम्युलेटेड पेशंटकडे (याला सगळे एसपी म्हणतात, आणि आमचा वॉचमन 'उद्या चार एसपी येणार' ऐकून गेट उघडून सलाम ठोकायला उभा होता) तीन प्रकारची स्टेशनं द्यावीत. हिस्ट्री, तपासणीची पद्धत, आणि समजावून सांगणं.

आपल्या किनाऱ्यावर सरावासाठी मी या केस घेतो: भातलावणीनंतरचा ताप, म्हणजे लेप्टो (उंदराच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा आजार), डेंगी की मलेरिया हे हिस्ट्रीवरून वेगळं करणं, छातीत भरून येणं, जिना चढताना धाप, पायाची आग होणारा मधुमेही, फुरसं चावलेला तरुण आणि त्याला मांत्रिकाकडे न्यायला निघालेले नातेवाईक, इन्सुलिन नको म्हणणारे काका, रोज संध्याकाळी 'थोडी' घेणारा माणूस. सात पुरेत. तीस केस वरवर करण्यापेक्षा या सातच तीन-तीनदा करा.

तपासून बघा: निवडलेल्या प्रत्येक केसमध्ये पेशंटने तोंडाने सांगण्यासारखं किंवा अंगाने दाखवण्यासारखं काय आहे? काहीच नसेल तर केस बाद.

टप्पा ३: एका पानाची स्क्रिप्ट

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बहुतेक जण इथे केसशीट लिहितात, वय, लिंग, तक्रार, निदान. ती डॉक्टरच्या डोक्यातली गोष्ट झाली. एसपीला लागते पेशंटच्या तोंडातली. स्क्रिप्टचे पाच भाग करा. लेप्टोची माझी स्क्रिप्ट अशी आहे.

पहिलं वाक्य, विचारताच बोलायचं: "चार दिवस ताप आहे डॉक्टर, अंग नुसतं मोडून आलंय." एवढंच बोलून थांबायचं.

विचारलं तरच सांगायचं: लावणीला आठ दिवस चिखलात अनवाणी उभा होतो. पायाला कोयता लागून चीर पडली होती. पोटऱ्या इतक्या दुखतात की उकिडवं बसवत नाही. कालपासून लघवी कमी होते आणि चहासारखी लाल दिसते. गावात दोन इंजेक्शनं घेतली, कसली ते माहीत नाही.

कधीच म्हणायचं नाही: लेप्टो, उंदीर, कावीळ. हे शब्द एसपीच्या तोंडून निघाले की स्टेशन संपलं.

मनातलं: गेल्या पावसाळ्यात वाडीतला एकजण अशाच तापाने गेला. हे आपणहून सांगायचं नाही. 'तुम्हाला स्वतःला काय वाटतंय, कसली भीती वाटते?' अशा अर्थाचा प्रश्न आला तरच.

शेवटी विचारायचा प्रश्न: "इंजेक्शन मारून आजच सोडाल ना? लावणी अर्धी राहिलीये."

खाली अंगाच्या खुणा लिहा. पोटऱ्या दाबल्या की दोन्ही बाजूंना कळवळायचं, मांडी दाबली तर नाही. डोळ्यांतली लाली अभिनयात येत नाही, ती कार्डवर छापून ठेवा. विद्यार्थ्याने खालची पापणी ओढून बघितली तरच एक्झामिनरने कार्ड पुढे करायचं. 'डोळे बघतो' असं नुसतं म्हणणाऱ्याला कार्ड नाही.

आणि भाषा. स्क्रिप्ट पुस्तकी मराठीत लिहिलीत की एसपीही पुस्तकी बोलतो आणि आपण परत हॉस्टेलच्या खोलीत येतो. ज्या माणसाला ती करायची आहे त्यालाच विचारा, हे तुम्ही घरी कसं सांगाल? तो म्हणेल तेच लिहा. एका मावशींनी 'भूक लागत नाही' खोडून "दोन दिस जेवण जाणा नाय" केलं आणि ते शंभर टक्के बरोबर होतं.

सावधान: मार्कलिस्ट स्क्रिप्टनंतर लिहा आणि 'विचारले' या शब्दाला मार्क देऊ नका. 'छातीत भरून येतं हे काढून घेतलं' याला द्या. काकींच्या स्टेशनने मला शिकवलं ते एवढंच.

टप्पा ४: पेशंट शोधा आणि घडवा

वर्गमित्र नको, ज्युनियर नको, नर्सिंगच्या मुली नकोत. त्यांना उत्तर माहीत असतं आणि दया येते. निवृत्त शिक्षक, एसटीचे निवृत्त कंडक्टर-ड्रायव्हर, बचतगटातल्या बायका, भजनी मंडळातले लोक बघा. तळकोकणात दशावतारी नट मिळाला तर सोनं, पण एक अडचण आहे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट रंगमंचावर ते रचत जातो. आमच्याकडे आलेल्या एका राजपार्टी (राजाच्या भूमिका करणाऱ्या) नटाला धाप लागलेला पेशंट दिला. त्याने धाप अशी लावली की दाराबाहेरची सिस्टर ऑक्सिजन घेऊन धावली, आणि सोबत स्क्रिप्टमध्ये नसलेली एक दुसरी बायकोही आणली. अशा माणसाला 'काय बोलायचं' यापेक्षा 'काय बोलायचं नाही' हे तीनदा सांगावं लागतं.

तीन बैठका घ्या.

पहिलीत गोष्ट सांगा, कागद देऊ नका. माणूस कोण, घरी कोण, आज दवाखान्यात का आला. दुसरीत तुम्ही डॉक्टर व्हा आणि मुद्दाम वाईट डॉक्टर व्हा. मध्ये तोडा, मोबाईल बघा, दोन प्रश्न एकदम विचारा. एसपी कुठे वाहवत जातो ते तेव्हा कळतं. तिसरीत दोन एसपींना तीच केस करायला लावा आणि उत्तरं जुळतात का पाहा. एकाची लघवी लाल आणि दुसऱ्याची पिवळी झाली तर दोन विद्यार्थ्यांनी दोन वेगळ्या परीक्षा दिल्या.

संमती लेखी घ्या. कुठे हात लागेल, किती वेळा, कपडे किती बाजूला करावे लागतील हे आधी सांगा. स्तन, जननेंद्रियं आणि गुदद्वार यांची तपासणी एसपीवर करायची नाही, त्यासाठी मॅनिकिन आहेत. स्त्री एसपी असेल तर खोलीत दुसरी स्त्री हवीच. जाण्या-येण्याचा खर्च, जेवण आणि मानधन ठरवून द्या. पोट एकाच माणसाने दिवसभर दाबून घ्यायचं नाही. चार विद्यार्थ्यांनंतर माणूस बदला, नाहीतर पाचव्याला खरंच दुखायला लागतं.

तपासून बघा: एसपीला विचारा, 'डॉक्टरने काहीच विचारलं नाही तर काय कराल?' उत्तर 'गप्प बसेन' असं आलं पाहिजे. 'मी सांगेन त्याला हळूच' म्हणाला की आणखी एक बैठक.

टप्पा ५: खोली

टेबल, दोन खुर्च्या, पडदा, हँडरब, उशीची बाजू उचलता येईल अशी कॉट, भिंतीवर घड्याळ. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा हातातली घंटा ठेवा, मोबाईलच्या अलार्मवर विसंबू नका. पत्र्याच्या छपराखाली ऑस्की घेऊ नका. सर आली की स्टेथोस्कोपमधून फक्त पाऊस ऐकू येतो.

टप्पा ६: हिस्ट्री, आठ मिनिटांचा हिशोब

आता तुमची पाळी.

१. दाराबाहेरचा कागद दोनदा वाचा. 'हिस्ट्री घ्या' लिहिलं असेल तर तपासणी नाही, 'समजावून सांगा' लिहिलं असेल तर हिस्ट्री नाही. दर बॅचला दोघंतिघं इथेच गळतात.

२. पहिली ३० सेकंदं: नमस्कार, नाव, तुम्ही कोण, बोलायला चालेल ना. वयाने मोठ्या माणसाला काका, काकी, आजी चालतं, पण आधी नाव विचारून घ्या. 'पेशंट, इकडे बसा' हे नको.

३. पुढचं एक मिनिट पेशंटचं. 'काय होतंय, सुरुवातीपासून सांगा' म्हणा आणि गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. मुलं दहाव्या सेकंदाला 'किती दिवसांपासून?' म्हणून उडी मारतात. हाताची घडी घालून जीभ दाताखाली धरा, पण थांबा.

४. तीन मिनिटं तक्रारीच्या मागे. पेशंटचा शब्द उचला आणि तोच वापरा. तो 'भरून येतं' म्हणाला तर तुम्हीही 'भरून येतं तेव्हा घाम येतो का?' असंच विचारा. दुखणं, जळजळ, दडपण, भरून येणं, कळ, कसंतरी होणं, हे सगळे छातीचे शब्द आहेत. एकाला 'नाही' आलं तर दुसरा विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. याच तीन मिनिटांत धोक्याच्या खुणा: घाम, घेरी, श्वास, रक्त, वजन, लघवी.

५. दीड मिनिट जुने आजार, गोळ्या, सवयी, घर. इथे किनाऱ्यावरचे प्रश्न वेगळे असतात, म्हणून जरा थांबतो.

'तंबाखू खाता का?' याला कित्येक बायका मनापासून 'नाही' म्हणतात आणि दिवसातून चार वेळा मिश्री लावतात. त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. 'मिश्री लावता का, किती वेळा?' असंच विचारा.

'मीठ कमी खाता ना?' याला सगळे 'हो' म्हणतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि घराघरांत सुका बाजार निघतो. सुके बोंबील, सुकी सुंगटं, खारवलेला बांगडा. जूनमध्ये हार्ट फेल्युअरचा पेशंट सुजून आला की आधी 'सुकं किती वेळा होतं?' हा प्रश्न. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सगळ्यांना पाठ असते, पण ती ताटात कुठून ओलांडली जाते हे विचारणारा शंभरात एक.

'दारू पिता का?' यापेक्षा 'संध्याकाळी घेता का थोडी? काय घेता? क्वार्टर किती दिवस पुरते?' क्वार्टर म्हणजे १८० मिली. ४२.८ टक्क्यांच्या हिशोबाने त्यात साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल. आकडा काढून एक्झामिनरला सांगा, 'ऑकेजनल ड्रिंकर' म्हणू नका. माडी आणि हातभट्टी वेगळी विचारा, बरेच जण त्यांना दारूत धरत नाहीत.

गोळ्यांबद्दल 'कुठल्या घेता?' एवढ्यावर थांबू नका. 'रोज घेता की बरं वाटलं की बंद करता? अर्धी करून घेता का? वैदूचं काही चालू आहे?' हे विचारा. घरात कोण असतं हेही. मुलगा मुंबईला, सून मुंबईला, घरी दोघंच म्हातारी, हे कळल्याशिवाय रात्री छातीत दुखलं तर याला दवाखान्यात कोण आणणार, याचं उत्तर मिळत नाही.

६. एक मिनिट पेशंटच्या मनातलं. 'तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे असेल? सगळ्यात जास्त काळजी कशाची?' मुलं हे शेवटच्या दहा सेकंदांत कवायतीसारखं उरकतात आणि उत्तर ऐकतही नाहीत. एसपी म्हणतो, "वाडीतला एकजण असाच गेला," आणि विद्यार्थी म्हणतो, "ओके, अ‍ॅलर्जी आहे का कसली?" हे मी दर वर्षी बघतो.

७. उरलेला वेळ: दोन वाक्यांत सारांश आणि 'काही राहिलं का?'

सावधान: घंटा व्हायच्या आत निदान ठरवलंच पाहिजे असं नाही. तीन शक्यता क्रमाने आणि प्रत्येकीमागचं एक कारण, एवढं सांगता आलं की पुरे.

टप्पा ७: तपासणी

इथली सगळ्यात मोठी चूक खोटेपणाची आहे. निरोगी माणसाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मुलं 'बेसल क्रेप्स' (फुफ्फुसाच्या तळाशी येणारा चरचर आवाज) सांगतात, कारण बाहेरच्या कागदावर 'धाप लागते' लिहिलेलं असतं. कार्ड मिळालं नाही तर जे ऐकू आलं तेच सांगा. नॉर्मल असेल तर नॉर्मल. न ऐकलेलं सांगणाऱ्याला मी शून्य देतो, बाकी पद्धत कितीही सुरेख असो.

क्रम अंगवळणी पडेपर्यंत करा. हात स्वच्छ, परवानगी, पेशंटच्या उजव्या बाजूला, पुरेसं उघडं अंग, आधी नजर, मग हात. आणि दर टप्प्यावर पेशंटला एक वाक्य: 'आता पाठीला हात लावतोय, गार लागेल.' पावसाळ्यात तर हात चोळून घ्याच.

नेहमी चुकणाऱ्या जागा:

बीपी. पाच मिनिटं बसवून, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीला, बाही वर सरकवायची नाही, काढायची. त्या वेळी बोलायचं नाही आणि बोलूही द्यायचं नाही. घेरीच्या केसमध्ये पाच मिनिटं झोपवून एकदा मोजा आणि उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत परत. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती खूण.

जेव्हीपी, म्हणजे मानेतल्या शिरेचा दाब. कॉट ४५ अंशांवर, मान किंचित डावीकडे, उशी डोक्याखाली म्हणजे मानेचे स्नायू सैल पडतात. मुलं सपाट झोपलेल्या माणसाची जेव्हीपी सांगतात.

छातीची मागची बाजू. दोन्ही हात समोर एकमेकांवर घ्यायला सांगा, फरे बाजूला होतात. शर्टावरून ठोकू नका. उजवी-डावी तुलना करत खाली या, एक बाजू संपवून दुसरी नाही.

पायाची सूज. अंगठ्याने नडगीवर काही सेकंद दाबून धरा आणि दाबताना पेशंटच्या तोंडाकडे बघा. अंथरुणाला खिळलेल्याची सूज पायावर नसते, कमरेमागे असते.

मधुमेही पाय. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा धागा) वाकेपर्यंत दाबायचा, आधी हातावर दाखवून, मग डोळे मिटायला सांगून. कंप कळतो का ते बघायला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क. बोटांच्या बेचक्या उघडून बघा, भातशेतीतल्या माणसाला तिथेच चिखल्या असतात. आणि चप्पल हातात घेऊन तिचा तळ बघा, आत खिळा असतो.

फुरशाच्या केसमध्ये रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणी दाखवायला सांगतात. नवी, स्वच्छ, कोरडी काचेची नळी, २ मिली ताजं रक्त, २० मिनिटं न हलवता, मग एकदाच तिरकी करायची. प्लास्टिकची नळी नको, साबणाने धुतलेली नको, आणि पाचव्या मिनिटाला 'बघू तरी' नको.

तपासून बघा: तपासणी संपल्यावर पेशंटचे कपडे नीट केले? धन्यवाद म्हणालात? पाठ फिरवून एक्झामिनरकडे वळायच्या आधी.

टप्पा ८: समजावून सांगणं

इन्सुलिनचं स्टेशन. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, ६२ वर्षं, गोळ्यांनी साखर आवाक्यात नाही. ठरलेली सुरुवात अशी होते:

"काका, इन्सुलिन घेतलं नाही तर किडनी जाईल, डोळे जातील, पाय कापावा लागेल."

काका खिडकीबाहेर बघतात. विद्यार्थी आणखी दोन अवयव घालवतो. आठ मिनिटं संपतात.

हेच दुसऱ्या मुलीने असं केलं:

"काका, इन्सुलिनबद्दल तुम्ही काय ऐकलंय?"

"मेव्हण्याला चालू केलं आणि सहा महिन्यांत तो गेला."

ती 'असं काही नसतं' म्हणाली नाही. थोडं थांबून म्हणाली, "म्हणून भीती वाटते." काका म्हणाले, "वाटणारच ना." मग तिने विचारलं की मेव्हण्याचा आजार किती वाढला होता. किडन्या गेल्यावर सुरू केलं होतं, हे काकांनीच सांगितलं. पुढचं काम सोपं झालं. तिथून सुईची लांबी दाखवणं, घाम-थरथर आली तर तीन चमचे साखर, फ्रिज नसेल तर वापरातली बाटली गार मडक्याजवळ सावलीत ठेवणं, या गोष्टींकडे जाता येतं. शेवटी तिने विचारलं, "घरी गेल्यावर काकींना हे कसं सांगाल?" काकांनी सांगितलं, एक गोष्ट चुकवली, तिने ती दुरुस्त केली. 'समजलं ना?' हा प्रश्न विचारूच नका, त्याला कोकणी माणूस कायम 'हो' म्हणतो.

वाईट बातमीच्या स्टेशनवर क्रम पाळा. बसा, एकांत करा, त्यांना काय माहीत आहे ते विचारा, किती जाणून घ्यायचं आहे ते विचारा, मग सोप्या शब्दांत एक वाक्य, मग शांतता. शांतता मोजा, मनात दहापर्यंत. मुलांना ती सोसत नाही आणि मुलं लगेच स्टेजिंग (आजार कितव्या टप्प्यात आहे ते) सांगायला लागतात.

सावधान: एसपीचा 'मुंबईचा मुलगा' फोनवर येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, रिपोर्ट मला सांगा, बाबांना काही कळू देऊ नका." हा सापळा मी मुद्दाम ठेवतो. पेशंट शुद्धीवर, समोर बसलेला. आधी त्याला विचारायचं, मुलाशी बोललं तर चालेल का. मुलावर डाफरायचंही नाही, तो पाचशे किलोमीटरवरून घाबरून बोलतोय.

टप्पा ९: फीडबॅक, आणि लगेच परत

आधी विद्यार्थी बोलतो, मग एसपी, शेवटी शिक्षक. एसपीने मेडिसिनवर मत द्यायचं नाही, फक्त 'मला तेव्हा कसं वाटलं' हे सांगायचं. "तू लिहीत होतास तेव्हा मी दोनदा बोलायचं थांबलो" हे वाक्य कुठल्याही शिक्षकाच्या व्याख्यानापेक्षा खोल लागतं.

एका वेळी एकच चूक सांगा. आणि मग, हे सगळे विसरतात, फक्त तेवढंच मिनिट लगेच परत करा. आख्खं स्टेशन नाही. चुकलेला प्रश्न, चुकलेली शांतता, तेवढी. दोनदा. उद्या नाही, आत्ता.

व्हिडिओ काढायचा तर एसपी आणि विद्यार्थी दोघांच्या संमतीने, बघून झाला की दोघांसमोर पुसायचा.

टप्पा १०: शेवटचे चार दिवस

नवी केस घेऊ नका. दिवसाला तीन स्टेशनं घंटा लावून, सलग, मध्ये एक मिनिट. सलग महत्त्वाचं आहे, कारण परीक्षेत खरा घात आधीचं स्टेशन करतं. तिथे चुकलेला मुलगा पुढच्या पेशंटसमोर बसून मागच्या पेशंटचा विचार करत असतो. बाहेर पडताना दाराची कडी हाताने लावायची आणि नवा कागद मोठ्याने पुटपुटत वाचायचा, ही साधी सवय काम करते. स्टेथोस्कोप, टॉर्च, हॅमर, ट्यूनिंग फोर्क आदल्या रात्री पिशवीत. एप्रन कोरडा आहे का ते जुलैत दोन दिवस आधी बघा.

आणि एक. दोन वर्षांपूर्वी सरावात एका मुलाने एसपीचं बीपी १२०/८० सांगितलं. मार्कलिस्टवर तेच अपेक्षित होतं, स्क्रिप्टमध्येही तेच. पुढच्या मुलीने १९० च्या पुढे सांगितलं तेव्हा आम्ही तिला हसलो. तिने परत मोजलं, मग मी मोजलं. तिचं बरोबर होतं. आधीच्या मुलाने कफ बांधला होता, फुगवला होता, पण ऐकलं काहीच नव्हतं. आम्ही स्टेशन थांबवलं, त्या एसपी भाऊंना ओपीडीत नेलं, आता ते गोळी घेतात. तेव्हापासून एसपी आल्या-आल्या त्यांचं बीपी आणि साखर आम्हीच मोजतो, वेगळ्या कागदावर लिहितो, आणि सराव संपल्यावर स्क्रिप्ट परत घेताना तो कागद त्यांच्या हातात देतो.